लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लू घरातच? मला पटत नाही

धागाकर्ती: आमचं पिल्लू नऊ आठवड्यांचं आहे. पहिली लस झाली, शेवटची सोळाव्या आठवड्यात. तोवर बाहेर नेऊ नका, कुणाला हात लावू देऊ नका, असं सगळे बजावतात. पण अनोळखी माणसं, आवाज, दुसरी कुत्री हे सगळं पिल्लू सहज आपलंसं करतं ते साधारण ३ ते १४ आठवड्यांच्या वयात. म्हणजे आपण दार उघडू तेव्हा तो काळ सरलेला असणार. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चौदा आठवडे माणसांपासून दूर वाढवलेली पिल्लं पुढेही माणसाला बिचकतच राहिली. जन्मभराची भीती हाही आजारच आहे ना?

प्रतिसाद १: ताई, मी पार्व्होने, म्हणजे कुत्र्यांच्या एका विषाणूजन्य आजाराने, पिल्लू गमावलंय. रक्ताची हगवण, उलट्या, सलाईन, आणि चौथ्या दिवशी गेलं. एक लस झाली होती त्याची. आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असते तोवर लस नीट लागू पडत नाही, म्हणून तर दर काही आठवड्यांनी पुन्हा टोचतात. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. चपलेला चिकटून घरात येतो. भित्र्या कुत्र्याला पुढे धीर देता येतो, मेलेल्याला काय देणार?

धागाकर्ती: वाचून पोटात कालवलं. पण बाहेर नेणं म्हणजे जमिनीवर सोडणं नव्हे. कडेवर घेऊन रस्ता दाखवता येतो. लसीकरण झालेलं, शांत स्वभावाचं ओळखीचं कुत्रं घरी बोलावता येतं. अमेरिकेतल्या पशुवर्तन-वैद्यांच्या संघटनेनेही २००८च्या निवेदनात म्हटलंय, की पहिली लस आणि जंताचं औषध झाल्यावर निदान सात दिवसांनी पिल्लांच्या वर्गाला, म्हणजे त्यांना इतर पिल्लांत-माणसांत मिसळायला शिकवतात तिथे, जायला हरकत नाही.

प्रतिसाद २: तुम्ही दोघंही 'कधी' यावर भांडताय. माझ्या मते 'कसं' हे जास्त महत्त्वाचं. आमच्या कुत्रीला आम्ही लहानपणी भरपूर माणसं भेटवली. जो येईल तो उचलून घ्यायचा, गालाला गाल लावायचा. ती ओठ चाटायची, जांभया द्यायची, मान फिरवायची, आणि आम्ही म्हणायचो, 'किती गुणी आहे, कुरकुरत नाही.' ती घाबरलेली होती. आज दारावरची बेल वाजली की पलंगाखाली जाते. पाहुण्याने खाली बसावं, बाजूला बघावं, पिल्लाला आपणहून येऊ द्यावं. नाही आलं तर नाही. दोन पिल्लं खेळताना एक सारखं खाली दबत असेल, तर वरच्याला क्षणभर धरून ठेवा. खालचं परत त्याच्याकडे धावलं तर खेळ, पळून गेलं तर जाच.

प्रतिसाद ३: याच्याशी अर्धाच सहमत. प्रत्येक जांभईला दचकून मालक पिल्लू उचलायला लागला, तर तेही भित्रं होतं. थोडं बिचकून मग स्वतःच पुढे येणं त्याला शिकू द्या.

प्रतिसाद २: पुढे येत असेल तर थांबाच. माझा आक्षेप त्याला पुढे ढकलण्याला आहे.

प्रतिसाद १: कडेवर फिरवणं मला मान्य. घरी येणारं कुत्रंही, त्याच्या लसींची नोंद स्वतः बघून. वर्गाला मात्र माझा विरोध कायम. सात दिवस झाले म्हणजे लस लागू पडलीच असं नाही, आणि तिथली फरशी कशाने पुसतात हे कोण विचारतं? साध्या फिनाईलवर माझा भरवसा नाही. पार्व्होवर ब्लीचचं पाणी चालतं.

धागाकर्ती: हे मी विचारलं नव्हतं. उद्या वर्गात फोन करून विचारते. ब्लीच नसेल, तर दुसऱ्या लसीपर्यंत कडेवरच.