एक ज्वालामुखी गरीब आणि एक तापट, असं का?

संगमनेरची_आई

नमस्कार. आमच्या शेतात विहिरीचं काम चालू आहे. चाळीस फुटांवर भोकाभोकांचा दगड लागला, भोकांत खडीसाखरेसारखे पांढरे चमकदार खडे. सातवीतल्या लेकीने एक तुकडा दप्तरात घालून शाळेत नेला. बाई म्हणाल्या, हा लाव्हाचा दगड, आपला सह्याद्री असाच घडला. मग रात्री तिने मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले. एकात हवाई बेटावर लोक वाहत्या लाव्हापासून थोड्याच अंतरावर उभे राहून फोटो काढत होते, दुसऱ्यात अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स डोंगराचा माथाच उडत होता. तेव्हापासून विचारतेय, "दोन्ही ज्वालामुखीच ना? मग एक एवढा गरीब आणि एक एवढा तापट का? आणि आपल्या शेतातला कसा होता?" कुणी नीट समजावेल का?

विहीरकाका

ताई, भूजलाच्या कामात माझी तीस वर्षं गेली. विहिरीत उतरून दगड वाचणं हीच नोकरी. लेकीला सांगा, तो तुकडा जपून ठेव, उत्तर त्यातच आहे.

विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. त्यातलं एकेक भोक म्हणजे लाव्हात अडकलेला वायूचा बुडबुडा. पांढरे खडे फार नंतरचे. खडक थंड झाल्यावर त्यातून पाणी झिरपत राहिलं आणि पोकळ्यांमध्ये झिओलाइटसारखी खनिजं साचली.

शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, खोल जमिनीखाली असतो तेव्हा त्यात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू विरघळलेले असतात. वरच्या खडकांचा दाब त्यांना दाबून धरतो. रस वर येऊ लागला की दाब उतरतो आणि वायू बुडबुडे धरून बाहेर पडायला बघतो. त्याला निवांत निसटायला वाट मिळाली की ज्वालामुखी गरीब, कोंडला की तापट. माझ्या मते मुख्य गोष्ट हीच, बाकीची कारणं याच प्रश्नाला येऊन मिळतात.

आज रात्री पिठलं करताना लेकीला शेजारी उभं करा. बेसनाचं पाणी पातळ असतं तोवर बुडबुडे वर येतात आणि गुपचूप फुटतात. तेच घट्ट झालं की प्रत्येक बुडबुड्याला वरचा थर उचलावा लागतो, मग फट्‌ आवाज होतो आणि हातावर चटका बसतो. खाली आच तीच, वाफ तीच, फक्त घट्टपणा बदलला.

शिलारसाचा घट्टपणा ठरवते सिलिका, म्हणजे वाळू आणि काच जिची बनते ती. तिचे कण एकमेकांना धरून साखळ्या करतात. हवाईच्या बेसाल्ट जातीच्या रसात सिलिका साधारण 50 टक्के आणि तापमान 1100 ते 1200 अंश सेल्सिअस, म्हणून तो काकवीसारखा वाहतो. रायोलाइट जातीच्या रसात सिलिका 70 टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त आणि तापमान बरंच कमी, 700 ते 850 अंश. तो इतका चिकट की बुडबुडा त्यातून वर सरकूच शकत नाही. बुडबुडे आतच फुगत जातात आणि शेवटी अख्खा रसच फाटून त्याची राख होते. हवेत उडणारी ती राख म्हणजे फुटलेल्या बुडबुड्यांच्या काचेच्या भिंती. नेहमीच्या राखेसारखं काही जळून उरलेलं नसतं ते.

सेंट हेलेन्सचा रस डेसाइट जातीचा, म्हणजे चिकटच. 1980 साली मार्चपासून तो डोंगराच्या आत चढत होता आणि उत्तरेची बाजू दिवसाला दीड-दोन मीटर बाहेर फुगत होती. 18 मे रोजी सकाळी 8 वाजून 32 मिनिटांनी भूकंपाने ती फुगलेली बाजू घसरली. शिट्टी न होऊ देता कुकरचं झाकण उपटावं तसं झालं. वरचं ओझं एका क्षणात गेलं आणि आतला वायू आडवा सुटला. 57 माणसं गेली, शिखर 400 मीटरने बुटकं झालं.

आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. त्याच डोंगरातून 2004 ते 2008 पुन्हा डेसाइटच बाहेर आला, जवळपास घट्ट झालेला, आणि विवराच्या आत नवा घुमट रचत राहिला. थोडीफार राख सोडली तर शांतपणे. डोंगर तोच, रस तेवढाच चिकट. पण या वेळी तो हळूहळू वर येत होता आणि त्यातला बराचसा वायू वाटेतच निघून गेला होता.

काळापाणी_०३

काकांच्या बोलण्यात अंदमानची भर घालतो, मी नोकरीनिमित्त पोर्ट ब्लेअरला असतो. इथून ईशान्येला समुद्रात बॅरन बेट आहे, भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी. दीडशेहून जास्त वर्षं झोपून 1991 साली उठला आणि नंतरही अधूनमधून उद्रेक चालूच आहेत. रात्री बोटीवरून पाहिला होता. लाल ठिणग्यांचं कारंजं उडायचं, मग काही वेळ अंधार, मग पुन्हा. बोटीवर कुणी बोलत नव्हतं. आत्ताचा त्याचा लाव्हा बेसाल्टच्या जवळचा, म्हणून असे लहान लहान स्फोट. पण हा डोंगर ज्या गोल खड्ड्यात उभा आहे तो सुमारे दोन किलोमीटर रुंद आहे, आणि तो जुन्या, फार मोठ्या उद्रेकाने झालाय. म्हणजे एकाच ज्वालामुखीचे दोन्ही स्वभाव.

बाहेरचं पाणी मिसळलं तर बेसाल्टही चिडतो हे विसरू नका. 1924 च्या मे महिन्यात हवाईच्याच किलाउआ ज्वालामुखीत लाव्हाचं तळं खाली उतरलं, आणि नंतर वाफेचे मोठे स्फोट झाले. कित्येक टनांचे धोंडे उडाले, एक माणूस गेला. 2010 साली आइसलँडच्या एयाफ्यातलायोकुटल ज्वालामुखीच्या राखेने युरोपची विमानं जमिनीवर आणली, त्यातही वितळलेल्या बर्फाच्या पाण्याचा मोठा हात होता.

संगमनेरची_आई

पिठलं केलं. लेक चमचा धरून उभी होती, पहिला फट्‌ झाला तेव्हा टाळ्या पिटल्या! आता तिचा पुढचा प्रश्न: आपला गरीब होता म्हणजे त्याने कुणाचं काही बिघडवलं नाही ना?

विहीरकाका

बेटा, इथे सावध राहायचं. गरीब म्हणजे निरुपद्रवी नव्हे. आइसलँडमध्ये 1783 च्या जूनमध्ये लाकीची भेग उघडली, सुमारे 27 किलोमीटर लांब. आठ महिने बेसाल्ट वाहत राहिला. वायूला निसटायला वाट होती, म्हणून मोठे स्फोट फारसे झाले नाहीत. पण निसटलेला वायू कुठेतरी जाणारच. गंधकाचं धुकं युरोपभर पसरलं, आइसलँडमध्ये फ्लोरिनने गवत विषारी झालं, निम्म्याहून जास्त गुरंढोरं दगावली, आणि दुष्काळात देशाची सुमारे पाचवा हिस्सा माणसं मेली. जखम स्फोटाची नव्हती, श्वासाची आणि चाऱ्याची होती. मी शेतकऱ्यांच्या घरातला, त्या गुरांबद्दल वाचलं की अजून घशात येतं.

आपला दख्खनचा लाव्हा याच जातीचा, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, आज उरलाय तोच जवळपास 5 लाख चौरस किलोमीटर. बहुतेक सगळा पातळ बेसाल्ट, थरावर थर. चिकट रसही थोडा होता: मुंबईच्या मढ, मनोरी, उत्तनकडे रायोलाइट आणि ट्रॅकाइट सापडतात.

आता विहिरीचं. अजून खाली जाल तेव्हा मांजऱ्या संपून काळा, भरीव पाषाण लागेल. तो त्याच थराचा मधला भाग, तिथले बुडबुडे वर निघून गेले. थराच्या अगदी बुडाशी काही वेळा बोटाएवढ्या उभ्या नळ्या दिसतात, खनिजांनी भरलेल्या, एका बाजूला कललेल्या. ज्या दिशेला कलल्या त्या दिशेला लाव्हा वाहत होता. कामगारांना सांगून ठेवा, तसा दगड आला तर मशीनने फोडण्याआधी विहिरीच्या भिंतीवरच कल कुठे आहे ते बघा, होकायंत्र लावा आणि इथे लिहा. एकदा दगड काठावर आणून टाकला की दिशा गेली.