खोल समुद्रातील मोहिमांचे थेट प्रक्षेपण: विज्ञानाला त्यातून काय मिळते आणि आपल्याकडे ते कधी दिसेल?

किनाराशाळा (प्रश्न)

नमस्कार. मी कोकणातील एका शाळेत आठवी-नववीच्या मुलांना विज्ञान शिकवते. २०२५च्या जुलै-ऑगस्टमध्ये अर्जेंटिनातील ‘कोनिसेत’ या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी ‘फाल्कोर टू’ या जहाजावरून मार देल प्लाताजवळच्या समुद्राखालील घळीचा शोध घेतला आणि ‘सुबॅस्टियन’ या दूरनियंत्रित वाहनाच्या कॅमेऱ्याला जे दिसले ते जसेच्या तसे यूट्यूबवरून दाखवले. त्या चित्रणातील काही भाग मी वर्गात लावला होता. निवेदन स्पॅनिशमध्ये असल्याने मुलांना शब्द कळत नव्हते, तरीही तास संपल्यावर कोणी जागचे हलेना. त्यानंतर मुलांनी मला दोन गोष्टी विचारल्या.

एक म्हणजे, अशा प्रक्षेपणाने संशोधनाला प्रत्यक्ष काही मदत होते की ती केवळ प्रसिद्धी असते? दुसरे असे की, भारताचे ‘मत्स्य ६०००’ हे वाहन तीन माणसांना घेऊन सहा हजार मीटर खोल जाईल, तेव्हा आपल्याला ते सर्व घरबसल्या थेट पाहता येईल का? आपल्यापैकी कोणी या क्षेत्राचा अभ्यास केला असेल तर सविस्तर लिहावे, ही विनंती.

तळठाव

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९७७ सालापासून सुरू करावे लागेल. त्या वर्षी गालापागोस बेटांजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर ‘अल्विन’ या पाणबुडीतून गेलेल्या शास्त्रज्ञांना समुद्रतळातून उष्ण पाणी वर येताना दिसले आणि त्या पाण्याभोवती शिंपले, खेकडे व नळीसारखे लांब कृमी यांची दाट वस्ती आढळली. सूर्यप्रकाश पोहोचत नाही अशा ठिकाणी, पाण्यातील हायड्रोजन सल्फाइडवर जगणाऱ्या जीवाणूंच्या आधारे एक संपूर्ण जीवसृष्टी उभी राहू शकते, हे तेव्हा प्रथमच कळले. परंतु मोहीम भूगर्भशास्त्राची असल्यामुळे जहाजावर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता. वर आणलेले प्राणी टिकवण्यासाठी पुरेसे रसायनही नव्हते, त्यामुळे काही नमुने चक्क व्होडकात बुडवून ठेवावे लागले. विसाव्या शतकातील जीवशास्त्राचा एक मोठा शोध लागत असताना तो ओळखू शकणारी माणसे हजारो किलोमीटर दूर आपापल्या विद्यापीठांत बसलेली होती, आणि समुद्रावर काय चालले आहे हे त्यांना दिसण्याचा कोणताही मार्ग नव्हता.

थेट प्रक्षेपणाने प्रथम सुटली ती हीच अडचण. दूरनियंत्रित वाहन जहाजाला केबलने जोडलेले असते; त्या केबलमधील प्रकाशीय तंतूतून चित्र जहाजावर येते, तेथून उपग्रहामार्फत किनाऱ्यावर पोहोचते आणि प्रयोगशाळेत बसलेला प्रवाळांचा किंवा ऑक्टोपसचा अभ्यासक त्याच क्षणी सांगू शकतो की, थांबा, जरा जवळ जा, हा नमुना घ्या. १९७७च्या मोहिमेत सहभागी असलेल्या रॉबर्ट बॅलर्ड यांनी या कल्पनेचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. १९८५मध्ये टायटॅनिकचे अवशेष सापडल्यावर शाळकरी मुलांनी त्यांना हजारो पत्रे लिहिली, आणि त्यातून १९८९मध्ये भूमध्य समुद्रातील मोहीम उपग्रहाद्वारे विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवणारा ‘जेसन’ प्रकल्प उभा राहिला. म्हणजे तज्ज्ञांना सामील करून घेणारी वाट आणि मुलांपर्यंत जाणारी वाट या तंत्रात आरंभापासून एकच आहे. म्हणूनच ‘संशोधन की प्रसिद्धी’ अशी विभागणी मला येथे योग्य वाटत नाही.

एक उदाहरण मुलांना अवश्य सांगा. ऑक्टोबर २०१८मध्ये ‘नॉटिलस’ या जहाजावरील चमू कॅलिफोर्नियाजवळ डेव्हिडसन या समुद्राखालच्या पर्वताच्या पायथ्याशी, सुमारे ३,२०० मीटर खोलीवर, थेट प्रक्षेपण करत होता. एकाएकी कॅमेऱ्यासमोर शेकडो ऑक्टोपस मादी आल्या. सर्व जणी उलट्या होऊन, भुजा वर वळवून, आपल्या अंड्यांवर बसलेल्या होत्या. शास्त्रज्ञांचे आश्चर्य प्रेक्षकांनी त्याच वेळी ऐकले. पुढे माँटेरे बे येथील संशोधन संस्थेने तेथे वारंवार वाहन पाठवून त्याच जागेचा अभ्यास केला आणि २०२३मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथील पाणी सर्वसाधारणपणे १.६ अंश सेल्सिअस इतके थंड असते, पण खडकांच्या फटींतून झिरपणाऱ्या ऊबदार पाण्यामुळे घरट्यांमधील तापमान जवळजवळ ११ अंशांपर्यंत जाते. एवढ्या थंड पाण्यात अंडी उबण्यास पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागावा अशी अपेक्षा होती. येथे ती दोन वर्षांच्या आत उबतात. एका थेट प्रक्षेपणातील क्षणापासून या निष्कर्षापर्यंत पाच वर्षांचे परिश्रम आहेत, आणि मुलांना ही दोन्ही टोके दिसणे मला फार महत्त्वाचे वाटते.

अर्जेंटिनाच्या मोहिमेबद्दल एक गोष्ट नोंदवतो. तेथील शास्त्रज्ञ आपल्याच लोकांशी आपल्याच भाषेत बोलत होते. एखादा प्राणी ओळखता आला नाही तर ‘हे काय आहे ते आम्हाला ठाऊक नाही’ असे मोकळेपणाने म्हणत होते. पाठ्यपुस्तकात विज्ञान नेहमी उत्तर मिळाल्यानंतर भेटते. येथे ते उत्तर मिळण्याच्या आधी भेटत होते. देशातील संशोधनाच्या निधीला कात्री लागलेली असताना सर्वसामान्य नागरिक शास्त्रज्ञांच्या बाजूने बोलू लागले, याचे मोठे कारण माझ्या मते हेच आहे.

दीपगृह

दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो, कारण त्यात एक तांत्रिक फरक आहे.

‘सुबॅस्टियन’सारखे मानवरहित वाहन केबलने बांधलेले असते, म्हणून चित्र वर येऊ शकते. ‘मत्स्य ६०००’ मात्र माणसांना घेऊन मोकळेपणाने फिरणारे वाहन आहे. रेडिओ लहरी समुद्राच्या पाण्यात फार दूर जात नाहीत, त्यामुळे जहाजाशी संपर्क ध्वनिलहरींनीच ठेवावा लागतो. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण १,५०० मीटर असतो; म्हणजे सहा हजार मीटरवरून पाठवलेला शब्द वर पोहोचण्यास चार सेकंद लागतात. बोलणे, संदेश आणि मोजकी माहिती या मार्गाने जाते, परंतु सलग स्पष्ट चलच्चित्र पाठवण्याएवढी क्षमता त्यात नसते. त्यामुळे मुलांना आताच सांगून ठेवावे की, आपले शास्त्रज्ञ तळाशी पोहोचतील तेव्हा आतील कॅमेऱ्यांचे चित्रण वाहन वर आल्यानंतरच पाहता येईल.

चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेत हे वाहन घडत आहे. माणसे बसण्याचा गोल टायटॅनियम मिश्रधातूचा, २.१ मीटर व्यासाचा आणि ८० मिलिमीटर जाडीचा आहे, कारण त्या खोलीवर दाब पृष्ठभागावरील दाबाच्या सुमारे सहाशेपट असतो. नेहमीच्या कामासाठी बारा तास आणि आणीबाणीत ९६ तास टिकण्याची योजना आहे. या तयारीचा भाग म्हणून ऑगस्ट २०२५मध्ये दोन भारतीय ‘नॉटील’ या फ्रेंच पाणबुडीतून अटलांटिक महासागरात उतरले. त्यांतील एक जण ४,०२५ मीटर आणि दुसरे ५,००२ मीटर खोल गेले.

तरीही आपल्याकडे थेट प्रक्षेपण अशक्य आहे असे नाही. याच संस्थेच्या ‘रोसब ६०००’ या केबलने जोडलेल्या मानवरहित वाहनाने २०१०मध्ये पाच हजार मीटरपेक्षा अधिक खोली गाठली होती. अशा वाहनाच्या फेऱ्या लोकांना दाखवण्यासाठी उपग्रहाची पुरेशी जोडणी, ती दाखवण्याची इच्छा आणि जहाजावर मराठी, तमिळ, मल्याळम अशा भाषांत समजावून सांगणारी माणसे हवीत. माणसांचा खर्च जहाजाच्या खर्चापुढे नगण्य असतो, आणि नेमका तोच कोणी धरत नाही, ही माझी खरी खंत आहे.

गोमंतवाचक

वरील प्रतिसादांशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु सर्व काही तत्काळ दाखवावे या मताला माझा थोडा विरोध आहे.

पहिले कारण ओळख पटवण्याचे. ९ मार्च २०२५ रोजी साउथ सँडविच बेटांजवळ सुमारे ६०० मीटर खोलीवर ‘सुबॅस्टियन’ने एका पारदर्शक, ३० सेंटिमीटर लांबीच्या म्हाकुळाचे चित्रण केले. ते महाकाय म्हाकुळाचे पिल्लू आहे हे अधिकृतपणे जाहीर झाले एप्रिलच्या मध्यावर, स्वतंत्र तज्ज्ञांनी चित्रण तपासल्यानंतर. या जातीला नाव मिळून शंभर वर्षे झाली होती आणि तरीही तिच्या नैसर्गिक अधिवासातील ते पहिलेच खात्रीलायक चित्रण होते. तो महिनाभर थांबण्याचा संयम मला प्रक्षेपणाइतकाच मोलाचा वाटतो.

दुसरे कारण आपल्या हिंद महासागराचे आहे. मध्य हिंदी पर्वतरांगेवरील उष्ण झऱ्यांजवळ २००१मध्ये एक गोगलगाय सापडली, जिच्या पायावर लोहयुक्त सल्फाइडचे खवले असतात. २०१९मध्ये ती धोक्यातील प्रजातींच्या लाल यादीत गेली आणि समुद्रतळावरील खाणकामाच्या संभाव्य धोक्यामुळे त्या यादीत जाणारी ती पहिली प्रजाती ठरली. ती जेथे ठाऊक होती ती सर्व क्षेत्रे एकत्र केली तरी दोन हेक्टरांच्या आसपास भरत होती. मध्य हिंद महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात धातूंच्या गोट्यांचा शोध घेण्याचा हक्क भारताकडेही आहे. त्यामुळे सुंदर प्राणी दाखवताना त्याच तळावर कोणाचा कोणता परवाना आहे हेही त्याच प्रेक्षकांना सांगितले गेले पाहिजे. अन्यथा ते ‘लोकांपर्यंत पोहोचवणे’ अर्धवट राहते.

किनाराशाळा

सर्वांचे मनापासून आभार. केबल आणि ध्वनिलहरींचा फरक मुलांना नक्की समजेल. आणखी एक विचारते: केवळ पाहण्यापलीकडे मुलांना करण्यासारखे काही आहे का?

तळठाव

आहे, ताई. ‘फॅदमव्हर्स’ नावाचा मोबाइलवरील खेळ २०२४मध्ये आला. त्यात समुद्रात टिपलेली खरी छायाचित्रे दिसतात आणि खेळणारे त्यांतील प्राण्यांचे गट ओळखतात. ही माहिती संगणकाला प्राणी ओळखायला शिकवण्यासाठी वापरली जाते. मुले हे काम चांगले करतात, कारण त्यात पूर्वज्ञानापेक्षा बारकाईने पाहणे अधिक लागते.

वर्गातील एका तासासाठी हेही सुचवतो. मे २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार माणसाने आजवर खोल समुद्रतळाचा ०.००१ टक्क्याहून कमी भाग प्रत्यक्ष चित्रातून पाहिला आहे. हे क्षेत्र जास्तीत जास्त ३,८२३ चौरस किलोमीटर भरते आणि गोवा राज्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. त्यातही ९७ टक्के फेऱ्या अमेरिका, जपान, न्यूझीलंड, फ्रान्स आणि जर्मनी या पाच देशांनी केलेल्या आहेत. मुलांना जगाचा नकाशा द्या, त्यावर गोवा रंगवायला सांगा आणि त्या पाच देशांवर खुणा करायला सांगा. हिंद महासागर त्या नकाशावर किती कोरा राहतो ते त्यांनाच दिसेल, आणि तुम्ही येथे मांडलेला दुसरा प्रश्न मुले चेन्नईला किंवा दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला पत्र लिहून स्वतःच विचारू शकतील.