निसान एस१५: पुढचा इंटरकूलर आणि जाड रेडिएटर एकत्र बसवायचा आहे

विंटनकर
नमस्कार मंडळी. गाडी २००१ ची निसान २००एसएक्स, म्हणजे एस१५, एसआर२०डीईटी इंजिन, सहा गिअरची मॅन्युअल. टर्बो मूळचाच आहे. कंपनीचा छोटा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली गरम हवा गार करणारा) बम्परच्या कोपऱ्यात चाकापुढे असतो, तो काढून ६०० x ३०० x ७६ मिमीचा समोर लावायचा विचार आहे. त्याच वेळी प्लास्टिकच्या टाक्यांचा जुना रेडिएटर काढून ५२ मिमी जाडीचा अॅल्युमिनियमचा घ्यायचा आहे. बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, १ बारच्या आत ठेवणार. गाडी रोज वापरतो, वर्षातून दोन-तीनदा ट्रॅकवर नेतो. मेलबर्नच्या उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, त्यामुळे एसी सोडायची तयारी नाही. ही मापं योग्य आहेत का? इंजिनवरचा फॅन ठेवू की इलेक्ट्रिक लावू? आणि कामाचा क्रम काय धरावा?

गारवा
दोन्ही मापं एकेक पायरी खाली आणा. ग्रिलमधून शिरणारी हवा आधी इंटरकूलरमधून, मग एसीच्या कंडेन्सरमधून आणि शेवटी रेडिएटरमधून जाते. तिघांना मिळून हवा एकच. पुढची जाळी (इंटरकूलर, रेडिएटरचा हवा जाऊ देणारा गाभा) जितकी जाड, तितकी मागे कमी हवा पोचते आणि तीही तापलेली. मूळच्या टर्बोला ७६ मिमीची गरज नाही. उंची-रुंदी तीच ठेवून ५५ ते ६५ मिमी जाडीची जाळी घ्या. इंटरकूलरच्या बाबतीत समोरून दिसणारं क्षेत्रफळ जास्त कामाचं, जाडी नंतर.

रेडिएटर ४० ते ४२ मिमीचा पुरेसा आहे. ५२ चा घेतलात की फॅनभोवतीचा श्राउड नीट बसत नाही, मग लोक तो काढून ठेवतात आणि सिग्नलला गाडी तापायला लागते. श्राउड नसेल तर फॅन समोरची हवा ओढतच नाही, पात्यांच्या कडेची गरम हवा तिथल्या तिथे फिरवत राहतो. व्हिस्कस कपलिंग (इंजिन तापलं की फॅनला पकडणारा जोड) चांगलं असेल तर इंजिनवरचाच फॅन ठेवा. इंजिन गरम असताना बंद करा आणि फॅन हाताने फिरवा. जड फिरला पाहिजे. गरगर फिरत राहिला तर कपलिंग गेलं.

फॅन आणि जाळी यांत २० ते २५ मिमी अंतर हवंच. मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचे चार गोळे जाळीच्या मागच्या बाजूला चिकटवा आणि फॅन हाताने एक फेरी फिरवा. गोळा दबला तर तो काढून मोजा, उरलेली जाडी हेच तुमचं अंतर. हे मोजमाप उभ्या गाडीचं आहे, जोरात ब्रेक मारल्यावर इंजिन माउंटवर पुढे झुकतं. माउंटचं रबर फाटलेलं असेल तर आधी ते बदला, नाहीतर पातं नव्या जाळीत घुसेल.

कंडेन्सरपुढचा एसीचा इलेक्ट्रिक फॅन इंटरकूलरला आडवा येतो. तो काढून तसंच सोडू नका. जागा मोजून पातळ फॅन घ्या आणि मूळच्याच रिलेवर जोडा. फॅनची दिशा तपासा. कंडेन्सरच्या पुढे असेल तर त्याने हवा मागे ढकलली पाहिजे. उलटा जोडलेला फॅन कागदाच्या कपट्याने लगेच कळतो.

पत्राकाम
क्रमाबद्दल. आधी सगळं सुकं बसवून बघा, मगच पत्रा कापा. बम्पर उतरवा, कूलंट काढा आणि किती निघालं ते मोजून लिहून ठेवा, पुढे कामाला येईल. रेडिएटर जागेवर टांगा, मग इंटरकूलर, मग पाइप, सगळे क्लॅम्प सैल ठेवून. पाइप एकमेकांना न ओढता सरळ बसले की भोकांची जागा आखा. कापताना टर्बोचं आणि थ्रॉटल बॉडीचं तोंड कापड कोंबून नव्हे, घट्ट टोपी आणि टेप लावून बंद करा. विसरलेली चिंधी इंजिनात जाते. भोकाची कड कानशीने घासा, प्रायमर आणि रंग लावा, रबरी पट्टी चढवा. रंग न लावता सोडलेल्या कडेपासून गंज सुरू होतो.

नव्या इंटरकूलरच्या आत वेल्डिंगचे कण आणि अॅल्युमिनियमचा चुरा असतो. बसवण्याआधी आतून सॉल्व्हंटने धुवा, उलटसुलट झटका, हवा मारा आणि पूर्ण वाळू द्या. हे काम सगळेच टाळतात, आणि तो चुरा सिलिंडरमध्ये जातो.

रेडिएटर खालच्या मूळ रबरी बुशमध्येच बसवा, बोल्टने पत्र्याला थेट आवळू नका. गाडीच्या बॉडीचा पीळ टाकीच्या वेल्डवर येतो आणि तिथूनच तडा जातो.

पाइप ६३ मिमीचे पुरे. प्रत्येक टोकाला उठावाची कड हवी, गुळगुळीत टोकावरून होज बूस्टमध्ये निसटतोच. टोक आणि होज आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ग्रीस किंवा तेल लावून सरकवू नका. क्लॅम्प उठावाच्या मागे ३-४ मिमीवर. टी-बोल्ट क्लॅम्प इतकाच आवळा की होज हलणार नाही. सिलिकॉन कडेतून फुगून बाहेर येतंय म्हणजे जास्त झालं.

दोन गोष्टी कायद्याच्या. इंटरकूलरसाठी बम्परमागची लोखंडी पट्टी कापायला सांगणारे किट मिळतात. ती पट्टी टकरीसाठी आहे, तिला हात लावण्याआधी व्हिक्टोरियातल्या व्हास (VASS, गाडीतले बदल तपासून प्रमाणित करणारी योजना) इंजिनिअरला विचारा आणि विमा कंपनीला बदल कळवा. कंडेन्सरच्या नळ्या सोडवायची वेळ आली तर गॅस स्वतः सोडायचा नाही, आर्कटिक (ARCtick, एसीचा गॅस हाताळण्याचा) परवाना असलेल्या माणसाकडूनच काढून घ्या. शक्यतो नळ्या न सोडता कंडेन्सर बाजूला बांधून काम होतं.

गारवा
वरचं सगळं बरोबर, फक्त एक राहिलं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं. इंटरकूलर, कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या कडेच्या फटी बंद करा. हवा नेहमी सोप्या वाटेने जाते. बाजूला दोन बोटं फट असेल तर ती जाळीतून जायचे कष्ट घेत नाही. १ मिमी अॅल्युमिनियमचा पत्रा वाकवून दोन्ही बाजूंना आणि वर लावा, कडेला फोमची पट्टी चिकटवा. खालचं प्लास्टिकचं अंडरट्रे परत बसवायला विसरू नका. ते नसलं की हायवेला बॉनेटखाली दाब वाढतो आणि रेडिएटरमधून हवा निघायला तयार होत नाही. एवढ्या कामाचा फरक मोठ्या रेडिएटरपेक्षा जास्त पडतो.

सुईकाटा
गाडी सुरू करण्याआधी बूस्टची गळती तपासा. टर्बोच्या आत जाणाऱ्या तोंडाला व्हॉल्व्ह बसवलेली टोपी लावा, क्रँककेसचा ब्रीदर (इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर नेणारी नळी) जिथे त्या पाइपला जोडतो ते भोक बंद करा, नाहीतर दाब इंजिनच्या पोटात जाऊन ऑइल सील बाहेर येतील. मग हळूहळू ०.७ ते १ बार हवा भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. थ्रॉटलच्या पुढे काही हवा जाणारच. जोडावर बुडबुडे नकोत, एवढंच बघायचं.

या गाडीचा हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी असतो. त्याच्या पुढे हवा गळली तर संगणक न पोचलेल्या हवेचंही पेट्रोल देतो. मग बूस्टवर काळा धूर आणि अडखळणं. त्याच कारणासाठी ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (थ्रॉटल बंद झाल्यावर अडकलेला दाब सोडणारा) बाहेर हवा सोडणारा लावू नका, परत आत सोडणारा ठेवा, नाहीतर अॅक्सिलरेटर सोडल्यावर गाडी बंद पडू शकते.

जुन्या पाइपांवर ज्या बारीक नळ्या होत्या, त्या प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून नाव लिहा. वेस्टगेटची (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेची) नळी चुकून सुटी राहिली तर बूस्ट अडवणारं काही उरत नाही, एका खेचीत पिस्टन जाऊ शकतो. पहिली फेरी बूस्ट गेजवर नजर ठेवून, अर्ध्या थ्रॉटलवरच. त्यानंतर १ बारपर्यंत जायचं तर डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) हवा-पेट्रोलचं मिश्रण आणि नॉक, म्हणजे इंजिनातली ठोके देणारी अवेळी ज्वलनक्रिया, तपासून.

विंटनकर
मनापासून आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे ४२ आणि ६० मिमी घेतले, सगळं बसलं, गळती नाही. आता एकच शंका. इंजिन चालू करून वीस मिनिटं झाली, तापमानाचा काटा मधल्या रेषेच्या थोडा वर जातो, पण हीटर पूर्ण गरमवर ठेवूनही हवा गारच येते. निघालं होतं त्यापेक्षा सव्वा लिटर कमी कूलंट आत गेलं आहे.

पत्राकाम
लगेच बंद करा. हवा अडकली आहे. नवा रेडिएटर जुन्यापेक्षा जास्त पाणी घेतो, म्हणजे कूलंट निघालं त्याहून जास्त जायला हवं होतं. कमी गेलं म्हणजे आत पोकळी आहे. गरम असताना झाकण उघडू नका, पूर्ण गार होऊ द्या.

गाडीचं नाक जॅकने उचलून स्टँडवर ठेवा, रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच आलं पाहिजे. इन्टेक मॅनिफोल्डजवळचा हवा काढायचा बोल्ट सैल करा. रेडिएटरमध्ये हळूहळू कूलंट ओता, बोल्टमधून बुडबुड्यांशिवाय सलग धार आली की घट्ट करा. झाकण उघडंच ठेवून, हीटर गरमवर, इंजिन सुरू करा आणि पातळी राखत रहा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, लगेच भरा. वरचे होज हाताने दाबत रहा, बुडबुडे वर येतात. फॅनच्या पात्यांपासून बाही दूर ठेवा. हीटरमधून गरम हवा आली, बुडबुडे थांबले, की झाकण लावा. दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर पातळी पुन्हा बघा, जादा कूलंटच्या बाटलीतूनही थोडं आत ओढलं गेलेलं असतं.

मिश्रण निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. नळाचं पाणी अॅल्युमिनियमला खातं.

सुईकाटा
हवा निघाली की कूलंटमधून वीज वाहत नाही ना, हेही मल्टिमीटर लावून बघा. काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला, लाल टोक रेडिएटरच्या तोंडातल्या कूलंटमध्ये, जाळीला न टेकवता. इंजिन चालू, दिवे आणि फॅन चालू. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. ०.३ च्या वर गेलं तर कुठलीतरी अर्थ तार सैल आहे, आणि बहुधा तो नवा जोडलेला एसी फॅनच असेल. त्याची काळी तार रेडिएटरच्या ब्रॅकेटला लावली असेल तर काढून बॉडीच्या मूळ अर्थ पॉइंटला न्या.