मदत हवी आहे : एकाच घरात राहणाऱ्या थोरल्या भावाविरुद्ध मनाई हुकूम

दुसरा_जिना :

घर पुणे जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी, तळमजला आणि वर एक मजला. वडिलांनी स्वकमाईतून बांधलेलं. ते २०२१ मध्ये गेले, मृत्युपत्र नाही. मालमत्ता पत्रकावर अजून त्यांचंच नाव. वारस चार : आई (७२), थोरला भाऊ, बहीण (४४, घटस्फोटित), धाकटा भाऊ. थोरला आणि वहिनी खाली राहतात, बाकी तिघं वर. जिना एकच. टाकी गच्चीत, वरच्या मजल्याचा कॉक जिन्याखालच्या कपाटात, कपाटाची किल्ली थोरल्याकडे. वीजमीटर एक, तोही वडिलांच्या नावे.

गेले पाच महिने कॉक बंद आहे. जिन्याच्या दाराला रात्री दहाला आतून कडी पडते. बहिणीला रोज शिवीगाळ, एकदा हात पिरगाळला. "घर विकून एकेकाला रस्त्यावर आणतो" हे तर चालूच. दोन एन.सी. (ठाण्यात अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) झाल्या. पोलीस म्हणतात, दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. न्यू जर्सीतला आतेभाऊ म्हणतो, रिस्ट्रेनिंग ऑर्डर घ्या, भावाला घराच्या आसपास फिरकू देत नाहीत.

विचारायचं आहे ते हे. असा हुकूम इथे मिळतो का आणि कुठल्या कोर्टात? तिघांनी मिळून एकच अर्ज करायचा का? त्याला घराबाहेर काढता येईल का? आणि विक्री कशी थांबवायची?

निशाणी_पाच :

न्यू जर्सीच्या कायद्यात घरातला कोणीही सदस्य असा आदेश मागू शकतो, भाऊ भावाविरुद्धसुद्धा. आपल्याकडे तसा एक कागद नाही. बहिणीचं आणि आईचं दार वेगळं, धाकट्या भावाचं वेगळं. तिघांनी एकाच अर्जावर सह्या केल्या, तर पहिल्याच तारखेला समोरचा वकील धाकट्याचं नाव धरून बसेल आणि मूळ विषय बाजूला राहील.

बहीण आणि आईपुरतं आधी बोलतो, कारण जलद वाट तीच आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५. हा फक्त नवऱ्याविरुद्ध चालतो असा समज वकिलांतही अधूनमधून आढळतो. कलम २(फ) मध्ये रक्ताचं नातं स्पष्ट आहे. प्रतिवादी 'प्रौढ पुरुष'च हवा ही अट सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये हिरल हरसोरा खटल्यात काढून टाकली, आणि तो खटला मुळात आई-मुलीनेच भाऊ, वहिनी आणि दोन बहिणींविरुद्ध केलेला होता. म्हणजे तुमचंच घर समजा.

अर्ज कलम १२ खाली, नमुना २ मध्ये, राहत्या ठिकाणच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. सोबत कलम २३ चा अंतरिम अर्ज आणि नमुना ३ मधलं शपथपत्र. हे शपथपत्र राहून गेलं की एकतर्फी (समोरच्याला न ऐकता) आदेश मिळत नाही, नुसती नोटीस निघते. संरक्षण अधिकाऱ्याकडून घटना अहवाल (नमुना १) घेतलात तर उत्तम. पण तो नाही म्हणून अर्ज अडत नाही, हे २०२२ च्या प्रभा त्यागी निकालापासून पक्कं आहे. पहिली तारीख साधारणपणे ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. ६० दिवसांवर विसंबून काही ठरवू नका. म्हणूनच अंतरिम अर्जावर सगळा जोर द्यायचा.

आता मागणी कशी लिहायची. "त्रास देऊ नये" या तीन शब्दांवर आदेश मिळाला तरी उद्या भंग सिद्ध करता येत नाही. कलम १९(१)(क) नुसार प्रतिवादीला ज्या भागात अर्जदार राहते त्या भागात येण्यास मनाई करता येते. इथे वरचा मजला नकाशासह दाखवा. (अ) खाली ताब्यात अडथळा नको हे मागा. (ब) म्हणजे घराबाहेर काढणं. ते भावापुरतं मागता येतं, वहिनीविरुद्ध मागता येत नाही, कारण कलमाच्या परंतुकातच (शेवटी जोडलेल्या अपवादात) तशी मनाई आहे. आणि खरं सांगायचं तर (ब) मागणीची धुरा करू नका. तो चौथ्या हिश्श्याचा मालक आहे, मारहाण गंभीर नसेल तर न्यायाधीश तिथेच थबकतात आणि बाकीचा अर्जही गार पडतो. पर्यायी मागणी म्हणून शेवटी ठेवा.

अजून एक. कलम ३१ ची शिक्षा (१ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही) 'संरक्षण आदेशा'च्या भंगाला आहे. संरक्षण आदेश म्हणजे कलम १८. कॉक, कडी, शिवीगाळ हे सगळं फक्त १९ मध्ये लिहिलं तर भंग झाल्यावर ३१ लागतं की नाही यावरच वाद सुरू होतो. म्हणून तेच वर्तन १८ मध्येही लिहून घ्या. १८(फ) नीट वाचा : अर्जदाराला मदत करणाऱ्या व्यक्तीवर हिंसा करण्यासही मनाई करता येते. धाकटा भाऊ अर्जदार होऊ शकत नाही, पण या छत्रीखाली येतो.

कोर्टफीची_पावती :

वर सगळं नीट आलंय. दिवाणी बाजू मी लिहिते.

धाकट्या भावाला, आणि खरं तर तिघांनाही, वाटपाचा दावा लागणारच. नुसता मनाईचा दावा सहहिस्सेदाराविरुद्ध लंगडा पडतो : प्रत्येक हिस्सेदाराचा ताबा सगळ्या घरावर मानला जातो, त्यामुळे "त्याला येऊ देऊ नका" असं कोर्ट सहसा म्हणत नाही. "इतरांना अडवू नको" असं मात्र म्हणतं. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत, मृत्युपत्र नाही, म्हणजे आई आणि तीन मुलं, प्रत्येकी चौथा हिस्सा. बहीण घटस्फोटित असो की लग्न झालेली असो, तिचा हिस्सा तेवढाच. राहत्या घराचं वाटप मागायला पूर्वी मुलींना जी आडकाठी होती (वारसा कायद्याचं कलम २३) ती २००५ च्या दुरुस्तीने गेली. दाव्यात चारही जण पक्षकार हवेत, वादी किंवा प्रतिवादी. आईला "कशाला कोर्टाची पायरी" म्हणून वगळू नका, आवश्यक पक्षकार नाही या एका मुद्द्यावर दावा अडकतो.

दाव्यासोबत तूर्तातूर्त ताकीदीचा (निकालापर्यंतच्या तात्पुरत्या मनाई हुकमाचा) अर्ज, म्हणजे आपला निशाणी ५. दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश ३९, नियम १ आणि २. मागणीचा मजकूर साधारण असा :

"प्रतिवादी क्र. १ याने स्वतः अगर अन्य कोणामार्फत, सोबतच्या कच्च्या नकाशात लाल रेघेने दाखवलेल्या जिन्याचा व गच्चीचा वादींचा वापर दिवसा अगर रात्री अडवू नये. जिन्याच्या दारास वादींना बाहेरून उघडता येणार नाही अशी कडी अगर कुलूप लावू नये. दाव्याचा निकाल होईपर्यंत मिळकत विक्री, गहाण, बक्षीस अगर भाड्याने देऊ नये व त्रयस्थाचा ताबा निर्माण करू नये."

पाण्याचं वाक्य यात मुद्दाम घातलेलं नाही. कॉक आधीच बंद आहे, त्यामुळे "बंद करू नये" असा आदेश मिळाला तर थोरला हसत तो पाळेल. बंद कॉक उघडून घ्यायला आज्ञात्मक ताकीद वेगळी मागावी लागते : "आदेशापासून ४८ तासांत कपाटाचं कुलूप काढून कॉक उघडून द्यावा, न दिल्यास बेलिफामार्फत उघडण्याची परवानगी द्यावी". आणि निशाणी ५ सोबतच कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज (आदेश २६, नियम ९). कमिशनर येऊन कुलूप, कॉक, कडी, वरचे कोरडे नळ पाहून अहवाल देतो. थोरला म्हणेल "पाणी चालूच आहे", तेव्हा हा अहवाल बोलतो.

एकतर्फी ताकीद मिळाली तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अर्ज, शपथपत्र, दाव्याची नक्कल आणि कागद समोरच्याला रजिस्टर पोस्टाने पाठवून तसं शपथपत्र कोर्टात द्यायचं. आदेश ३९ चा नियम ३. हे विसरल्यामुळे चांगल्या ताकीदी उठलेल्या आहेत. भंग झाला तर नियम २अ : मिळकत जप्ती आणि ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद.

विक्रीबद्दल. स्वतःचा अविभक्त चौथा हिस्सा तो विकू शकतो, ताकीद नसेल तोवर. दुय्यम निबंधकाला हरकतपत्र देऊन दस्त थांबेल असं समजू नका, तो नोंदणी करतो. पण मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ असं की अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा घेणाऱ्या परक्याला घरात सहताबा मिळत नाही. दोराब वॉर्डन (१९९०) निकाल नेमका यावर आहे. दावा दाखल होताच लिस पेंडन्सची (मिळकतीवर दावा चालू असल्याची) नोटीस नोंदवा आणि स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्या. गिऱ्हाईक तिथेच मागे फिरतं.

खर्चाचं : बहिणीला आणि आईला तालुका विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो, महिलांना उत्पन्नाची अट नाही.

चॅप्टरवाला :

पोलिसांचं थोडक्यात. हात पिरगाळणं, धमकी, शिवीगाळ ही अदखलपात्रच जाते (पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत), त्यात ठाण्याची फार चूक नाही. पण जिन्याला कडी घालून वाट अडवणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६(२) खाली येतं आणि ते दखलपात्र आहे. तक्रारीत हा परिच्छेद सगळ्यात वर, तारीख-वेळेसह लिहा. शिवीगाळ खाली. बहुतेक जण नेमकं उलटं लिहितात.

दुसरं, चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याची हमी लिहून घेण्याची कारवाई. नागरिक सुरक्षा संहितेचं कलमही १२६च (आकडा तोच, कायदा दुसरा). ती तुमच्याकडे तहसीलदारासमोर चालते, आयुक्तालयाच्या हद्दीत सहायक पोलीस आयुक्तासमोर. शांतता राखण्याचा बॉण्ड, १ वर्षापर्यंत. यात गोम अशी की थोरल्यानेही उलट एन.सी. दिली असेल तर नोटीस दोन्ही बाजूंना निघते, आणि ७२ वर्षांची आई तहसीलमध्ये बाकावर बसलेली दिसते. तक्रारदार एकट्या बहिणीला ठेवा, बाकीचे साक्षीदार.

दुसरा_जिना :

खूप उपयोग झाला. दोन गोष्टी राहिल्या. कालच रजिस्टर पोस्टाने थोरल्याच्या कॅव्हेटची (मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका, असा कोर्टातला अर्ज) नक्कल आली. आणि धाकटा म्हणतोय, कपाटाचं कुलूप तोडून कॉक उघडू, दाराला आपलं कुलूप घालू. वीज तोडली तर काय, हीपण धास्ती आहे.

निशाणी_पाच :

कॅव्हेट दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ ची, ९० दिवस. ती दिवाणी कोर्टापुरती. निशाणी ५ वर आता त्याला ऐकल्याशिवाय आदेश होणार नाही, हे धरून चाला. दंडाधिकाऱ्यांकडच्या अर्जाला ती आड येत नाही. म्हणून क्रम लावा : आधी बहीण-आईचा कलम १२ आणि २३, मग वाटपाचा दावा.

कुलूप अजिबात तोडू नका. वहिनीलाही हाच २००५ चा कायदा आहे, आणि ती नणंद-सासूविरुद्धही अर्ज करू शकते. तुम्ही दाराला कुलूप घातलंत की तिचा अर्ज तयार. उलट त्याने तुमच्यापैकी कोणाला खरंच बाहेर काढलं, तर विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम ६ : ६ महिन्यांच्या आत दावा, मालकी सिद्ध करायची गरज नाही, फक्त ताबा होता आणि कायदेशीर मार्गाशिवाय गेला एवढंच.

विजेसाठी वर वेगळं मीटर मागा. वीज कायदा २००३, कलम ४३ मध्ये अर्जदार 'मालक किंवा कब्जेदार' आहे. थोरल्याचं ना हरकत पत्र मागितलं तर हेच कलम लेखी दाखवा. भाडे नियंत्रण कायद्यातलं पाणी-वीज तोडण्याचं कलम भाडेकरूंसाठी आहे, ते कोणी सुचवलं तर मागे लागू नका.

कोर्टफीची_पावती :

पुराव्याचं राहिलंच. हात पिरगाळल्यावर सरकारी दवाखान्यात दाखवलं होतं का? तो केसपेपर काढा. मोबाइलवरचे व्हिडिओ फॉरवर्ड करून दुसऱ्या फोनमधून देऊ नका, मूळ फोन जपून ठेवा. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत, अ पक्षकाराचा, ब तज्ज्ञाचा, हॅश किंमतीसह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा). कॅमेरा लावणार असाल तर वरच्या मजल्याच्या स्वतःच्या दाराकडे तोंड करून. खालच्या खोलीचा कोपरा जरी फ्रेममध्ये आला तर वहिनीची तक्रार ठरलेली. कोरड्या नळाचा रोज एक फोटो, नळाखाली रिकामी बादली, आणि एका वहीत तारीख-वेळ. टँकर किंवा जार घेत असाल तर पावत्या त्याच वहीत चिकटवा, कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २० खाली हा खर्च मागता येतो.

चॅप्टरवाला :

आदेश हातात पडला की घरी नेऊन फाइलला लावू नका. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २४ नुसार त्याची नक्कल पोलीस ठाण्याला विनामूल्य जायची असते, पण ती टपालात कुठे पडेल सांगता येत नाही. सही-शिक्क्याची नक्कल स्वतः ठाण्यात नेऊन आवक क्रमांक घ्या. थोरल्याला आदेश बजावल्याचा अहवाल फाइलवर आला का ते पुढच्या तारखेला पाहा. तो नसेल तर भंगाच्या वेळी तो पहिलं वाक्य हेच म्हणेल की मला माहीतच नव्हतं. आणि रात्री कडी पडली तर ११२ ला फोन करून आदेशाचा अर्ज क्रमांक आणि ठाण्याचा आवक क्रमांक, हे दोनच आकडे आधी सांगा.