मदत हवी आहे: हिप्परग्याच्या चिखलातला तुतारी पक्षी आणि किनाऱ्याकडचं वेळापत्रक

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा. हिप्परगा तलावावर हिवाळी पाहुण्यांची नोंद ठेवतो. सध्या पाणी ओसरून काठ उघडा पडलाय आणि तिथे टिलव्यांचा (चिखलात टिपणाऱ्या छोट्या पक्ष्यांचा) थवा उतरलाय. त्यात एक पक्षी वेगळा आहे: अंगाने थोडा मोठा, पाय काळे, चोच लांब आणि टोकाकडे खाली वळलेली. उडाला तेव्हा शेपटीच्या वर स्वच्छ पांढरा पट्टा दिसला. म्हणून मला बाकचोच तुतारी (कर्ल्यू सँडपायपर) वाटते, कारण डनलिन या तशाच दिसणाऱ्या पक्ष्याच्या तिथे मधोमध काळी रेघ असते. छातीवर विटकरी रंग नुकताच चढू लागलाय. जाणकारांना पटतंय का?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. हे पक्षी सैबेरियातून मध्य आशियाई स्थलांतर मार्गाने येतात, ऑगस्ट-सप्टेंबरात खाली उतरतात, एप्रिल-मेमध्ये परततात. पण आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरातच. तलाव भरतो, चिखल बुडतो. उन्हाळ्यात मात्र तोच चिखल उघडा असतो. मग आपला तलाव फक्त परतीचाच थांबा असेल का?

ठाणे खाडी, अलिबाग, रत्नागिरीकडच्यांनी कृपया सांगावं: तुमच्याकडचे थवे नक्की कोणत्या आठवड्यात कमी होतात? त्यावरून ते परतताना इकडे कधी थांबत असतील याचा अंदाज येईल. उजनीवाल्यांच्या जुन्या नोंदीही चालतील, वहीतल्या असल्या तरी. गाळपेरीची (पाणी ओसरलेल्या गाळावरच्या शेतीची) नांगरट काठापर्यंत आली की पक्ष्यांना जागाच उरत नाही, म्हणून तारखा लवकर हव्या आहेत. शेतकऱ्यांशी बोलायचंय.