'मेटिक'ला मराठीत काय म्हणावं? उपरी, परदेशी की आणखी काही?

बोरू:
अथेन्सच्या अर्थव्यवहारावरचा एक लेख मराठीत करते आहे. काळ इ.स.पू. ५वं-४थं शतक. गाडी अडलीय 'मेतोइकोस' या शब्दापाशी. इंग्रजीत त्याचं 'मेटिक' झालंय. म्हणजे अथेन्समध्ये कायमचा राहणारा, पण नागरिक नसलेला माणूस. पुरुषाला वर्षाला १२ द्राख्मा डोईपट्टी, एकट्या राहणाऱ्या बाईला ६. पाठीशी एक नागरिक उभा असल्याचं दाखवावं लागे. लढाईला जायचं, कर भरायचे, पण सभेत मत नाही आणि खास परवानगीशिवाय घर-जमीन नावावर होत नाही. पट्टी चुकवली तर गुलाम म्हणून विक्री.

मी लिहिलं 'उपरी'. पेशवाईच्या कागदांत मिरासदार (गावच्या जमिनीवर वंशपरंपरेनं हक्क, म्हणजे मिरास, असलेला) आणि उपरी (असा हक्क नसलेला, बाहेरचा) अशी जोडी येते, ती डोक्यात होती. संपादकांनी ते खोडून 'परदेशी' केलं. त्यांच्या मते उपरी कुणाला कळत नाही आणि उपरा ही शिवी आहे. पण परदेशी तर सपशेल चूक! मुक्त झालेला गुलामसुद्धा मेटिकच होई, आणि अथेन्समध्येच जन्मलेली त्याची मुलंही मेटिकच. त्यांचा परदेश कुठला?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. लेख शुक्रवारी द्यायचाय.

सांजवात:
उपरीला माझं मत. आमच्या आजोळी एका घराला चौथ्या पिढीतही 'वरून आलेले' म्हणत. वरून म्हणजे कुठून, हे त्यांनाही माहीत नव्हतं. विहीर त्यांनी खणलेली, पाणी सगळा गाव प्यायचा, पण जत्रेच्या मानात त्यांचं नाव नाही.

आडमाप:
उदाहरण हृद्य आहे, पण उपरी म्हणजे कूळ हो. दुसऱ्याच्या गावात जमीन कसणारा. मेटिकांचा जीव पिरेयस बंदरात होता: व्यापार, कारागिरी, सावकारी. केफालोस घ्या. सिराक्यूजहून आलेला मेटिक. घरचा ढालींचा कारखाना, मुलांच्या ताब्यात सुमारे १२० गुलाम. प्लेटोनं न्यायाबद्दलचा सगळा संवाद याच्याच ओसरीवर घडवलाय. अशा धनाढ्य माणसाला 'उपरी' म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर खांद्यावर घोंगडी येते.

बोरू:
आणि पुढे काय झालं त्या घराचं? इ.स.पू. ४०४मध्ये तीस जणांची राजवट आली. तिजोरीत खडखडाट, म्हणून श्रीमंत मेटिकांवर धाड. केफालोसचा मुलगा पोलेमार्खोस याला विष पाजलं. त्याचा भाऊ लिसियास मागच्या दारानं निसटला, म्हणून आपल्याला ही हकीकत कळते. बारा द्राख्मांची पट्टी भरणारा हातगाडीवाला असो की १२० गुलामांचा धनी, पाय रोवायला स्वतःची जमीन कायद्यानं नाही. मला तेच एका शब्दात हवंय. पैसा नव्हे, मिरास.

शिवाय आपल्याकडे पडीक जमीन लागवडीला यावी म्हणून उपऱ्यांना कौल (सवलतीचं वचन) देऊन बोलवत. अथेन्सचा लेखक झेनोफोन इ.स.पू. ३५५च्या सुमारास अथेन्सला नेमकं हेच सुचवतो: महसूल वाढवायचाय ना, मग मेटिकांना पायदळाच्या सक्तीतून सोडा, शहरातल्या मोकळ्या जागांवर लायक मेटिकांना घरं बांधू द्या, ते आपणहून येतील. हा कौल नाही तर काय?

भायलो:
गोव्याहून. आमच्याकडे गांवकार आणि भायले. कोमुनिदादीच्या (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेच्या) उत्पन्नातला वाटा जन्मानं गांवकाराला. भायल्यानं तिथे शंभर वर्षं काढली तरी तो भायलोच. माझं टोपणनाव उगाच नाही.

शुद्धमती:
दोन्ही टोकं सोडा. 'अधिवासी' हा सुबक संस्कृत शब्द आहे, तो घ्या. आणि लेखात कृपया 'गुलाम', 'सावकार' नकोत. दास आणि श्रेष्ठी हे आपले शब्द असताना अरबी उसनवारी कशाला? ('सावकार' फारसी आहे ना?)

आडमाप:
सावकार 'साहुकार'वरून, आणि साहु 'साधु'वरून सांगतात. तुमचाच निघाला. :)
अधिवासी मात्र रहिवासी दाखल्यासारखा वाटतो. तलाठ्याचा शिक्का मारून मिळेल.

खडीसाखर:
'दास'ला माझा कडकडून विरोध. मराठीत दास हा देवाचा असतो. लाव्रियोनच्या चांदीच्या खाणीत उतरलेल्या माणसाला दास म्हटलं की कानात टाळ वाजायला लागतात. अथेन्सचा सेनापती निकियास यानं असे हजार लोक एका सोसियासला खाणकामासाठी भाड्यानं दिले होते, दिवसाला माणशी एक ओबोल (द्राख्माचा सहावा भाग) निव्वळ. वर अट अशी की संख्या घटता कामा नये, मेला तर भरून द्या. ग्रीकांचा एक शब्द होता 'आंद्रापोदोन', म्हणजे माणूसपायी. जनावर 'तेत्रापोदोन', चारपायी. त्याच साच्यात घडवलेला. तिथे तुम्ही दास लिहिणार?

आणि गंमत बघा. अरबीत 'गुलाम' म्हणजे मुळात पोरगा. ग्रीकही गुलामाला हाक मारताना 'पाइस' म्हणत, म्हणजे पोरगाच. आपल्या हॉटेलातला पोऱ्या पन्नाशीचा असला तरी पोऱ्या. 'गुलाम'च राहू द्या.

शुद्धमती:
भावनेच्या भरात शब्दकोश लिहिले जात नाहीत. बरं, कारागिरांना तरी 'बलुतेदार' म्हणाल की नाही?

बोरू:
नाही म्हणणार. बलुतं धान्यात, सुगीला, वतनानं. अथेन्समध्ये रोजंदारी नाण्यांत. अथेन्सच्या एरेख्थेइऑन मंदिराच्या बांधकामाचा हिशेब दगडावर कोरलाय, इ.स.पू. ४०९ ते ४०७चा. नागरिक, मेटिक, गुलाम तिघे एकाच कामावर, आणि रोज एकच, बहुतेकदा एक द्राख्मा. नोंदीत मेटिक नागरिकांपेक्षा जास्त आहेत. फरक मजुरीत नव्हता. गुलामाची मजुरी धन्याच्या कनवटीला जायची, एवढाच. (एवढाच!)

नाणेघाट:
उशिरा आलो. द्राख्मा द्राख्मा काय लावलंय, 'दाम' म्हणा की! द्राख्मा, त्याचा संस्कृतात द्रम्म, द्रम्माचा दाम, आणि दामाची दमडी. कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत द्रम्म सापडतात. तेव्हा 'चमडी जाए पर दमडी न जाए' यात निम्मी ग्रीक आहे.

मूळ अर्थ आणखी झकास. ओबोल म्हणजे लोखंडी सळई आणि द्राख्मा म्हणजे मूठभर. सहा सळया मुठीत मावल्या की एक द्राख्मा. आपल्या चिमूट-मूठ-पसा या घराण्यातलंच माप.

सांजवात:
रोचक! मग लेखात '१२ मुठी पट्टी' लिहा, मजा येईल.

आडमाप:
दाम लिहिलात तर अकबराचा दाम समजतील. द्राख्मा बरा.

खडीसाखर:
सराफीचं काय करणार आहात? अथेन्सचा पेढीवाला 'त्रापेझितेस', कारण 'त्रापेझा' म्हणजे मेज. आजही ग्रीसमध्ये बँकेच्या पाटीवर त्रापेझाच असतं. 'बँक' इटालियन बाकावरून आली. आणि माझा लाडका तर्क: आपली 'पेढी' पीठिकेवरून, म्हणजे बसायच्या पाटावरून. तिन्ही भाषांत पैसा फर्निचरवर बसलाय.

बोरू:
पेढीच लिहिलंय. पासिओन त्यात येतोय. पेढीवरचा गुलाम, मग मुक्त, म्हणजे मेटिक, मग पेढीचा मालक, मग शहराला हजार ढाली देऊन नागरिक. तो गेल्यावर त्याच्या विधवेशी लग्न केलं फोर्मिओननं, तो पासिओनचाच मुक्त केलेला गुलाम. मेटिक असताना याच फोर्मिओनला जमीन तारण घेऊन दिलेली कर्जं वसूल करणं जड गेलं असतं, कारण जमीन त्याच्या नावावर येऊच शकत नव्हती. म्हणून म्हणते, शब्दात जमीन पाहिजे. उपरी की अधिवासी, एकदा सांगा ना. उद्या शुक्रवार!

भायलो:
'बेमिरासी'?

शुद्धमती:
मिरास पुन्हा अरबीच.

नाणेघाट:
ओबोलवरून आठवलं. ग्रीक लोक मेलेल्याच्या तोंडात एक ओबोल ठेवत, पलीकडे नेणाऱ्या नावाड्याचं भाडं म्हणून. आपल्याकडे तुळशीपत्रासोबत सोन्याचा कण ठेवतात, तो कुणाच्या भाड्याचा? आमच्याकडे आजोबांच्या वेळी घाईत सोनं सापडेना, तेव्हा आजीनं नथीतला मणी काढून दिला होता.

सांजवात:
आमच्याकडे सोन्यासोबत पोवळंही. तुमच्या भागात काय म्हणतात त्या कणाला?