मदत हवी आहे: डिमेन्शिया असलेल्या आत्यासाठी काय नेऊ?

मंडळी, माझी आत्या वेंगुर्ल्याची, आता ८२ वर्षांची, डिमेन्शियामुळे दोन वर्षं वृद्धाश्रमात आहे. गणपतीआधी भेटायला जायचंय आणि काय न्यावं तेच सुचत नाहीये. शिमग्याला नवीकोरी साडी नेली तर तिने बघितली पण नाही, पण बायकोच्या केसातला सुरंगीच्या फुलांचा वळेसर (गजरा) मागून घेतला आणि तो नाकाला लावून मला चक्क बाबांच्या नावाने हाक मारली! डॉक्टर म्हणाले की आत्ताचं आधी पुसलं जातं, जुनं बरंच टिकतं. पण आता पावसात सुरंगी कुठून आणू?

दिवसभर ती पदराची गाठ सोडते नि बांधते, म्हणून जुन्या लुगड्यांची छोटी गोधडी शिवून घ्यावी म्हणतोय, वरती नाड्या नि खिसे लावून. बटणं नकोत, हल्ली काहीही तोंडात घालते. खाजं, लाडू बाद, गिळताना ठसका लागतो.

भजनं भरलेला छोटा स्पीकर कोणी दिलाय का? मोठी बटणं असलेला कुठे मिळेल? आणि तिथे धुलाईत वस्तू हरवतात, त्यावर नाव कसं घालता?